तिसऱ्या ओळीतला श्वास

सुजाता,

प्रकाशभाऊंनी माझ्याकडे तुझा आवाज मागितला. तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. विहारातल्या पुण्यानुमोदनाचं ठरत होतं. फोटो कुठला लावायचा, खीर कोण करणार, हे सगळं बोलून झाल्यावर ते जरा बाजूला आले आणि म्हणाले, "म्याडम, कॉलेजात इतकं रेकॉर्डिंग झालं तुमचं. तिचं एखादं गाणं असंल नं तुमच्यापाशी? घरात शोधून राहिलो, कुठीच नाही भेटून राहिलं." मी म्हटलं, बघते.

माझा हा शब्द तू चांगला ओळखतेस. किती वेळा ऐकलास, आणि दर वेळी हसून "हव हव, बघ" म्हणून निघून गेलीस. या वेळी तो म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं की बघण्यासारखं काही उरलेलं नाही. तुझा आवाज माझ्यापाशी होता आणि तो मीच पुसला. गाण्यातून मी तो काढला, एवढं तुला माहीत होतं. तुझ्या नवऱ्याला नव्हतं.

आपलं भांडण अर्धंच राहिलं गं. त्यात माझी बाजू आता मलाच पटेनाशी झाली आहे, आणि हे ऐकायला तू नाहीस. एरवी मी हरले की तुला कोण आनंद व्हायचा. कँटीनपर्यंत मला हाताला धरून न्यायचीस आणि तिथल्या भैयाला सांगायचीस की आज चहा मंजू म्याडमकडून, कारण आज त्या चुकल्या.

भांडणाचं मूळ तुझा शनिवारचा वर्ग. मी एकेकाला समोर बसवून ख्याल शिकवायची, तू वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना उभं करून वृंदगान. माझ्या खोलीत तानपुरा लागल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, आणि तुझ्या हॉलमध्ये पेटीला हात लावायची बंदी. पोरांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकत ऐकत एका सुरावर यायचं. त्यात बराच वेळ जायचा. आधी नुसता गलका, मग हळूहळू तो निवळायचा. मी खाली बसून वैतागायची. एक पट्टी दिली असती तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं, असं मी तुला म्हणायची. तू म्हणायचीस, काम लवकर व्हायला आपण काय कपडे इस्त्री करतोय का.

दुसरा नियम श्वासाचा. गटात ज्याचा दम सगळ्यात कमी, त्याला जिथं श्वास लागेल तिथंच सगळ्यांनी श्वास घ्यायचा. हे तू कुठल्या पुस्तकातून आणलं नव्हतंस. रेल्वे कॉलनीतल्या विहारात तुझी आई बायकांबरोबर गायची. तिथं टोकाला एक म्हातारी बसायची, तिला खोकला होता, आणि ती थांबली की सगळ्या थांबायच्या. लहानपणी तुला वाटायचं की गाणं असंच असतं. तुझ्या वर्गात ती म्हातारी म्हणजे दामिनी. रायपूरबाहेरच्या सिलतऱ्याहून यायची, वडील तिथल्या कारखान्यात, आणि छातीचा त्रास लहानपणापासूनचा. तू बसवलेलं ते रोपणीचं गाणं, पाण्यात उभं राहून धानाची रोपं लावणाऱ्या बायांचं, त्याची तिसरी ओळ लांब होती. दामिनीचा दम बरोबर त्या ओळीतल्या एका शब्दाच्या मधोमध संपायचा. मग अख्खा वर्ग शब्दाच्या मधोमध थांबायचा, श्वास घ्यायचा आणि उरलेला शब्द पुरा करायचा. मला ते भातातल्या खड्यासारखं लागायचं. शब्द मोडतो, ओळीचा जीव जातो, असं मी तुला किती तऱ्हांनी सांगितलं. तिला त्या जागी गप्प राहायला सांग, बाकीचे ओढून नेतील, हा उपायही मीच सुचवला होता.

"ओळ मंग जोडता येते वं," तू म्हणाली होतीस. "पोट्टी एकदा मागं राहिली का ते पुढच्या शनिवारी येतच नाही."

मग साथ आली आणि कॉलेज बंद झालं. घोळक्यानं गाणं तर सगळ्यात धोक्याचं ठरलं. परीक्षा मात्र व्हायची होती, शेवटच्या वर्षाच्या पोरांना वृंदगानाचा पेपर होता, आणि त्याला पर्याय द्या असं वरून आलं. आपली ती मोबाइलवरची बैठक आठवते? प्राचार्यांचं अर्धंच कपाळ दिसत होतं. मी तयारी करून बसले होते. प्रत्येकानं घरी बसून आपापला भाग मोबाइलवर गाऊन पाठवायचा, मी ते कॉम्प्युटरवर एकत्र जोडेन, शिवाय ऐकण्याचा अभ्यास, थोडं ध्वनिमुद्रणाचं तंत्र. पेपराचं नावही मी काढून ठेवलं होतं.

तू म्हणालीस, जोड्या लावू. साधा फोन. एकानं एक ओळ म्हणायची, दुसऱ्यानं ऐकून पुढची म्हणायची. फोनवर आवाज उशिरा पोचतो, एकदम गाता येत नाही, तर एकमेकांसाठी थांबायला तरी शिकतील. प्राचार्यांनी शांतपणे विचारलं, "सुजाता मैडम, इसमें जमा क्या होगा?" तू म्हणालीस, जमा काही होणार नाही सर, दोघं गातील. मी हसले. माईक चालू होता, ते हसू सगळ्यांनी ऐकलं. माझा पर्याय मंजूर झाला.

पण एकट्या पोरांना सूर धरवेना. दोन-चार क्लिपा आल्या, त्या ऐकून मी डोक्याला हात लावला. कानात ऐकायला एक पक्का आवाज हवा होता, ज्याच्या मागे मागे सगळे गातील. आमच्या कामात त्याला गाइड म्हणतात. मी तुला फोन केला तेव्हा वाटलं होतं की आता तू टोमणा मारशील. तू फक्त विचारलंस, कधी पाहिजे? तुमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या खोलीत, दारं-खिडक्यांना गोधड्या लावून, मालगाडी गेल्यावर लगेच, तू ते गाणं एकटीनं गाऊन पाठवलंस. पोरांनी इयरफोन लावले आणि तुझ्या मागून गायली. कुणी गच्चीवर, कुणी न्हाणीघरात, एकानं तर वडिलांच्या मालवाहू टेंपोत बसून काचा लावून. सगळे पट्टीत आले.

सगळे जोडले तेव्हा तिसऱ्या ओळीत एक भोक दिसलं. पडद्यावर सगळ्यांच्या आवाजाच्या रेघा एकाच जागी सपाट. तू गातानाही दामिनीच्या जागेवर श्वास घेतला होतास, आणि प्रत्येकानं आपापल्या घरात, एकटं असताना, तिथंच घेतला होता. मला तो तुझा हट्ट वाटला. ती जागा मी कापली आणि ओळ सांधली. इतकी सफाईदार सांधली की मलाच माझं कौतुक वाटलं. मग शेवटी गाइड बंद केलं, तसंच करतात, आणि गाणं सगळीकडे पाठवून दिलं.

लोकांना फार आवडलं. कॉलेजचं नाव झालं, माझंही झालं. तुझा फोन संध्याकाळी आला.

"छान झालं," तू म्हणालीस. "मले कुठी ठेवलं त्याच्यात?"

मी समजावलं की गाइड ठेवत नसतात, ते फक्त मागून जायला असतं. तू हसलीस. मग म्हणालीस, "आन ह्याच्यात कोणी श्वासच नाही घेऊन राहिलं, मंजू." मी विषय बदलला. पुढे तुझा, पोरांचा फोन बदलत गेला, आणि कधीतरी कॉम्प्युटरमध्ये जागा होईना म्हणून मी जुन्या फायली उडवल्या, त्यात तुझा आवाजही गेला. तेव्हा मनात काहीसुद्धा आलं नाही. तू होतीस ना, हवा तेव्हा ऐकता येणारा तुझा आवाज दोन खोल्या सोडून होता.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्याच दिवसांत नागपूरला माझी आई गेली. रस्ते बंद होते, मला जाता आलं नाही, तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी मोबाइलवर तिला शेवटचं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. सांत्वन नाही, काही नाही. तू गाण्याची एक ओळ म्हणालीस आणि गप्प झालीस. मला वाटलं फोन कटला.

"आता तू म्हण," तू म्हणालीस.

मी म्हटलं, माझ्यानं होणार नाही, ठेव फोन.

"मंग मी थांबते," तू म्हणालीस, आणि खरंच थांबलीस. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, प्रकाशभाऊ काही विचारून गेले, इंजिनाचा भोंगा झाला. तू फोन धरून होतीस. शेवटी मी ती ओळ म्हटली. कशी म्हटली ते तुलाच माहीत. नंतर रोज सकाळी तुझा फोन यायचा, मी उभी राहीपर्यंत यायचा. ज्या वर्गाला मी भर बैठकीत हसले होते, त्याची एकुलती एक विद्यार्थिनी मीच होते. तुझे उपकार मी मनापासून मानले, आणि तरी तो वर्ग दुसऱ्या कुणाला मिळावा म्हणून बोट हलवलं नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या पोटात कशा राहतात, मला सांगता येत नाही.

कॉलेज उघडलं. बाजार भरले, लग्नं लागली, गणपती बसले, सगळीकडे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू लागली. तुझा वर्ग मात्र उघडला नाही. माझा पर्याय तात्पुरता होता, तो पेपर म्हणून कायम झाला. त्याला हॉल लागत नाही, गुण देणं सोपं, जमा करायला फाइल असते. वरच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर आले. तुला संगीताचा इतिहास शिकवायला दिला. दर सत्राच्या आधी कुठले वर्ग हवेत ते मीच लिहून देते, हे तुला माहीत होतं. दर वेळी तू दारात उभी राहून विचारायचीस, यंदा? आणि मी, बघते.

काहून नाही दिला, असं तू मला सरळ कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी जागेची अडचण सांगितली असती. खरं कारण फार छोटं होतं. तुझा वर्ग परत आला की माझा पेपर जायचा, आणि त्या पेपरामुळे मला लोक बोलावत होते. नवा रायपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी भाषण केलं, तेव्हा तू मागच्या रांगेत येऊन बसली होतीस. त्या एवढ्या रुंद रस्त्यांवर बस किती वेळानं येते ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाषण संपल्यावर मी प्रशिक्षणाच्या साहेबांच्या गाडीत बसले. गाडी वळली तेव्हा तू थांब्यावर उभी होतीस, डोक्यावर पदर घेऊन, उन्हात. तू हात केलास. गाडीत एक जागा रिकामी होती. थांबा म्हणायला मला संकोच वाटला, कशाचा ते आजही धड सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तू मला चिडवलंस की आमच्या म्याडम आता काचेतून दिसतात. मी हसले, आणि तूही.

शेवटची भेट तेलीबांध्याच्या तलावाच्या काठावर, मी रोज फिरते तिथं. तू फिरायला येत नसायचीस, त्या दिवशी आलीस. चेहरा उतरलेला होता, मी विचारलं तर म्हणालीस ॲसिडिटी. दोन पावलं चालून बाकावर बसायचीस. मी आपली पुढे जायची, मागे वळून पाहायची, परत यायची. तेव्हाही कळलं नाही मला, की तुझाच दम कमी पडतो आहे. उठताना तू म्हणालीस, "पोट्टे एकएकटे गाऊन राहिले वं, बरं नाही वाटत." मी म्हटलं, यंदा नक्की बघते. यंदा खरंच बघणार होते, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे का, ते तपासायची सोय आता राहिली नाही.

तर, प्रकाशभाऊ. विहारातल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी तुमच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. गाइड म्हणजे काय, ते का काढतात, मी ते पुढे पुसलं कसं. ते लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे सगळे पोट्टे तिचं ऐकून गायले?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "आन तिचाच आवाज नाही त्याच्यात?" नाही म्हटलं. त्यांनी उठून तुझ्या शिवणयंत्रावरचं कापड सारखं केलं. मग म्हणाले, "चालते. पोरायचंच लावा."

काल विहारात त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं बोलले, मला बोला म्हणाले तर मी मानेनंच नको म्हटलं. तुझी जुनी पोरं आली होती. कुणाच्या कडेवर मूल, कुणी दुकान बंद करून आलेला. दामिनी आता सिलतऱ्यालाच लहान मुलांच्या शाळेत शिकवते. मी स्पीकर लावला. माझं ते सफाईदार गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या ओळीला पोरं आपोआप उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीपाशी सरकून सरकून खांद्याला खांदा लागला, डोळे मिटले आणि ती स्पीकरबरोबर गाऊ लागली.

तिसरी ओळ आली. त्या शब्दाच्या मधोमध सगळी थांबली, श्वास घेतला. स्पीकर थांबला नाही. तो पुढे निघून गेला. पोरं मागे राहिली, धावून गाठायचा प्रयत्न केला, गलका झाला, दामिनीला खोकला आला. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय कापलं होतं, हे तिला आजही माहीत नाही.

"मैडम, इसको बंद कर दीजिए न," ती म्हणाली. "ये रुकता ही नहीं है."

मी बंद केलं. त्यांनी पहिल्यापासून धरलं. आधी गलका, मग हळूहळू निवळलं, आणि तिसऱ्या ओळीत ती सगळी तुझ्या जागेवर थांबली. विहारात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला. मग उरलेला शब्द पुरा झाला. प्रकाशभाऊंनी हातातला रुमाल तोंडाला लावला. "हे तिचंच हाय," ते शेजारच्याला म्हणाले. मी तिथं उभी राहून रडले सुजाता, आणि तुझ्यासाठी जितकी रडले त्याहून जास्त माझी लाज वाटून रडले.

आज सकाळी प्राचार्यांकडे गेले. सगळं सरळ सांगितलं, वृंदगानाचा वर्ग परत हवा, माझा पेपर काढला तरी चालेल, हॉल नसेल तर व्हरांडा द्या. त्यांनी समोरच्या कागदांवरून नजर न काढता म्हटलं, "देखते हैं, मैडम."

माझ्या दारात इतकी वर्षं उभं राहून तुला काय ऐकू येत होतं, ते मला आज कळलं. तू काय करायचीस? हसून निघून जायचीस. माझी लाज राखायचीस.

मी गेले नाही. समोरच्या खुर्चीत बसले. काही वेळानं त्यांनी वर पाहिलं, "और कुछ?" मी म्हटलं, नाही सर, तुम्ही बघा, मी थांबते. ते जरा गोंधळले, मग शिपायाला हाक मारून यंदाचं वेळापत्रक मागवलं. ते यायला वेळ लागला. अजून काही ठरलेलं नाही, शनिवार मिळेल की नाही माहीत नाही, उद्या पुन्हा जाऊन बसणार आहे. पण तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट इतकी स्पष्ट दिसली की उठून पळावंसं वाटलं. एवढंच करायचं होतं, सुजाता. एक खुर्ची ओढून बसायचं होतं. तू फोन धरून माझ्यासाठी थांबली होतीस, आणि मला तुझ्यासाठी एक सकाळ थांबता आलं नाही.